लवकर म्हणजे नेमकं कधी?

‘ताई, मी २९ वर्षांची आहे. माझं लग्न ठरलंय. तो अमेरिकेचा नागरिक आहे, तिथेच जन्मलेला आणि वाढलेला. ओळख ऑनलाइन झाली. गेल्या वर्षी तो तीन आठवडे इकडे येऊन राहिला, घरच्यांना भेटला, सगळ्यांना आवडला. आता प्रश्न व्हिसाचा. तो म्हणतो, फियान्से व्हिसा करू, लवकर होतो. त्याच्या ओळखीतल्या एका बाईंनी सांगितलं की आधी लग्न करा आणि मग स्पाउस व्हिसा घ्या. त्याचा मित्र म्हणतो, तिच्याकडे टुरिस्ट व्हिसा आहेच, सरळ येऊ दे, कोर्टात लग्न करा आणि राहू दे, सगळे तसंच करतात. घरात साखरपुडा थाटात करायचं चाललंय. माझी नोकरी चांगली आहे. बाबा नाहीत, आई एकटी असते आणि तिला हृदयाचा त्रास आहे. आम्हा दोघांनाही लवकरात लवकर एकत्र राहायचंय. कोणता रस्ता धरू?’

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रात ‘लवकर’ पुन्हा पुन्हा येतं. आई एका ओळीत आली आहे आणि नोकरी तर अर्ध्या. म्हणून आधी तुलाच विचारते, लवकर म्हणजे नेमकं कधी? तू तिथे विमानातून उतरशील तो दिवस, की तिथे तुझ्या हातात पगार, लायसन्स आणि कधीही आईकडे यायची मोकळीक असेल तो दिवस? दोन्ही व्हिसांमधला खरा फरक या दोन दिवसांच्या अंतरात आहे. मी स्वतः बऱ्याच वर्षांपूर्वी फियान्से व्हिसावर गेले होते, त्यामुळे हे अंतर मी जगले आहे. त्याबद्दल पुढे लिहिते.

पहिल्यांदा मित्राचा सल्ला बाजूला काढू, कारण तो ऐकायला सगळ्यात सोपा आहे आणि सगळ्यात महागात पडू शकतो. टुरिस्ट व्हिसावर अमेरिकेत जाऊन लग्न करणं हा गुन्हा नाही. कायदा बघतो तो हेतू. तू घरातून निघतानाच कायमचं राहायचं ठरवून निघालीस आणि विमानतळावर इमिग्रेशन अधिकाऱ्याला ‘फिरायला आले’ म्हणालीस, तर ते खोटी माहिती देऊन मिळवलेला प्रवेश ठरतं. त्याची शिक्षा कायमची प्रवेशबंदी. माफीचा अर्ज करता येतो, पण तो मंजूर करून घेताना माणसं वर्षानुवर्षं झिजतात. मित्र खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. खरोखर भेटायला गेलेल्या आणि तिथे गेल्यावर लग्नाचा निर्णय घेतलेल्या माणसाला तिथूनच ग्रीन कार्डचा अर्ज करता येतो, नागरिकाच्या जोडीदाराला कायद्यात तशी सवलत आहे. तशी जोडपी त्याने पाहिली असणार. पण तुझं लग्न ठरलंय, घरात तयारी चालली आहे, तुमच्या दोघांच्या फोनमध्ये व्हिसावरची शेकडो बोलणी आहेत. तुझा हेतू आजच ठरलेला आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या नियमावलीत ९० दिवसांचा एक दंडक आहे. टुरिस्ट म्हणून आत येऊन कोणी ९० दिवसांच्या आत लग्न करून तिथेच मुक्काम टाकला, तर प्रवेशाच्या वेळी त्याने खोटं सांगितलं असं ते खातं गृहीत धरू शकतं. त्यावरून लोक उलटा अर्थ काढतात की ९१व्या दिवशी लग्न केलं की भीती संपली. तसं अजिबात नाही.

तुझ्या त्या टुरिस्ट व्हिसाचा एक सरळ उपयोग मात्र आहे, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. तू भेटायला जा, तिथे कोर्टात नोंदणी लग्न कर, आणि ठरल्या तारखेला परत ये. विमानतळावर विचारलं तर हेच खरं खरं सांग. परतीचं तिकीट, नोकरीवरून मंजूर झालेल्या रजेचं पत्र, घरची जबाबदारी, सगळं दाखवता येईल असं जवळ ठेव. अधिकाऱ्याला तू परत जाशील याची खात्री पटली नाही तर तो तुला तिथूनच माघारी पाठवू शकतो, ही जोखीम आहेच. तरीही खरं बोलून माघारी येणं परवडतं, खोटं बोलून आत शिरणं परवडत नाही. त्या लग्नाच्या दाखल्यावर पुढे स्पाउस व्हिसाचा अर्ज होतो.

आता खरे दोन रस्ते.

फियान्से व्हिसाला के-१ म्हणतात. तुझा होणारा नवरा आय-१२९एफ हा अर्ज यूएससीआयएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे करतो. हा अर्ज फक्त अमेरिकी नागरिकालाच करता येतो, ग्रीन कार्डवाल्याला नाही. अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत तुम्ही प्रत्यक्ष भेटलेले असायला हवं, ती अट त्याच्या तीन आठवड्यांच्या भेटीने पूर्ण होते. विमानाची तिकिटं, पासपोर्टवरचे शिक्के, एकत्र फोटो जपून ठेवा. अर्ज मंजूर झाला की ती मंजुरी चार महिने चालते, त्या काळात तुझी वकिलातीत मुलाखत होते. व्हिसा मिळाला की तो एकदाच प्रवेश देतो, आणि पाऊल ठेवल्यापासून ९० दिवसांच्या आत तुम्ही लग्न करायचं. ही मुदत वाढत नाही. लग्न त्याच्याशीच करायचं, आणि ग्रीन कार्डही त्याच्याशी झालेल्या लग्नाच्या आधारेच मिळतं. बेत मोडला तर परत यायचं, तिथे राहून दुसऱ्या कुठल्या व्हिसावर उडी मारता येत नाही. लग्न झालं की मग तिथून आय-४८५ हा अर्ज, म्हणजे ग्रीन कार्डसाठी दुसरी फेरी. बायोमेट्रिक्स म्हणजे बोटांचे ठसे आणि फोटो, बहुधा आणखी एक मुलाखत, आणि पुन्हा वाट.

स्पाउस व्हिसात क्रम उलटा. आधी लग्न, मग नवरा आय-१३० हा अर्ज भरतो. तो मंजूर झाला की कागद न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे जातात, तिथे फी, उत्पन्नाचे पुरावे आणि तुझे दाखले गोळा होतात, मग वकिलातीत मुलाखत. लग्नाला दोन वर्षं झालेली नसताना तू आत गेलीस तर त्याला सीआर-१ म्हणतात, दोन वर्षं उलटून गेली असतील तर आयआर-१. आणि इथे मोठी गोष्ट येते. या व्हिसावर तू विमानतळावरून बाहेर पडतेस ती कायमची रहिवासी म्हणून. पासपोर्टवर मारलेला शिक्का पुढचं एक वर्ष ग्रीन कार्डाचं काम करतो, खरं कार्ड नंतर टपालाने घरी येतं. दुसऱ्या दिवसापासून नोकरी करता येते, आणि वाटेल तेव्हा देशाबाहेर जाऊन परत येता येतं.

फियान्से व्हिसावर या दोन्ही गोष्टी अडकतात. लग्नानंतर आय-४८५ सोबत कामाच्या परवान्याचा आणि प्रवासाच्या परवान्याचा असे दोन वेगळे अर्ज करावे लागतात, आणि ते हातात येईपर्यंत महिने जातात. त्या काळात तू कमावू शकत नाहीस. प्रवासाचा परवाना, ज्याला अ‍ॅडव्हान्स पॅरोल म्हणतात, तो नसताना तू देश सोडलास तर तुझा ग्रीन कार्डचा अर्ज तू स्वतःच सोडून दिला असं धरलं जातं.

माझ्या बाबतीत हेच झालं. माझे अर्ज भरणाऱ्या कार्यालयाने सांगितलं होतं की प्रवासाचा फॉर्म आता नको, तुम्ही नुकत्याच आलात, कुठे जाणार आहात एवढ्यात? मला बरं वाटलं, पैसेही वाचले. पाचव्या महिन्यात बाबा आजारी पडल्याचा फोन आला. दवाखान्यात नेलंय, काळजीचं नाही, असं सगळे सांगत होते, आणि काळजीचं होतं. तातडीच्या प्रसंगी दवाखान्याचे कागद घेऊन जवळच्या यूएससीआयएस कार्यालयात आणीबाणीचा अ‍ॅडव्हान्स पॅरोल मागता येतो, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. मी स्वयंपाकघरात उभी राहून नवऱ्याला विचारलं, गेले तर काय होईल? तो म्हणाला, परत येता येणार नाही बहुतेक. मी गेले नाही. बाबा गेले ते मी फोनवर ऐकलं. लग्न चांगलं झालं, नवरा माणूस म्हणून लाखात एक आहे, आणि तरीही ते पाच महिने आमच्या दोघांमध्ये बराच काळ बसून होते. मी त्याच्या पैशांवर जगत होते, त्याच्या गाडीत त्याच्या वेळेनुसार फिरत होते, आणि बाबांकडे जाऊ शकले नाही याचा राग नकळत त्याच्यावर काढत होते.

म्हणून तुझ्या पत्रातली आईची ती एक ओळ मी परत परत वाचली.

‘फियान्से व्हिसा लवकर होतो’ हे तुझ्या होणाऱ्या नवऱ्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. व्हिसा पासपोर्टवर चिकटेपर्यंतचं मोजलं तर तो बहुधा पुढे असतो. पण त्याने लग्नापासून ग्रीन कार्डापर्यंतचा दुसरा टप्पा मोजलेला नाही. दोघांनी मिळून कागदावर दोन ओळी काढा. एकीत आय-१२९एफ, मुलाखत, प्रवेश, लग्न, आय-४८५, कामाचा परवाना, कार्ड. दुसरीत लग्न, आय-१३०, व्हिसा सेंटर, मुलाखत, प्रवेश. प्रत्येक अर्जाला सध्या किती महिने लागतात ते यूएससीआयएसच्या संकेतस्थळावर दिलेलं असतं, ते आजच्या तारखेला बघून लिहा. मग दोन्ही ओळींवर एकच खूण करा, तू पहिला पगार घेशील तो महिना. त्या दोन खुणा तुम्हाला वाटल्या होत्या तितक्या लांब नसतात, आणि पुष्कळदा स्पाउस व्हिसाची खूणच अलीकडे पडते. नागरिकत्वाचंही तसंच. नागरिकाशी लग्न करून त्याच्यासोबत राहणाऱ्याला रहिवासी झाल्यापासून तीन वर्षांनी अर्ज करता येतो. स्पाउस व्हिसावर ते घड्याळ विमानतळावरच सुरू होतं, फियान्से व्हिसावर आय-४८५ मंजूर झाल्यावर.

पैशांचं बोलून टाकते. एप्रिल २०२४ मध्ये लागू झालेल्या दरांनी हिशेब असा आहे. फियान्से मार्गात आय-१२९एफ ६७५ डॉलर, व्हिसा २६५, आय-४८५ १,४४०, कामाचा परवाना २६०, प्रवासाचा परवाना ६३०, बेरीज ३,२७० डॉलर. स्पाउस मार्गात आय-१३० ऑनलाइन भरला तर ६२५, व्हिसा ३२५, उत्पन्नाच्या कागदांची छाननी १२०, आणि प्रवेशाआधी भरायची फी २३५, मिळून १,३०५ डॉलर. वैद्यकीय तपासणी दोन्हीकडे वेगळी. दर बदलतात, भरायच्या दिवशी पुन्हा बघा. पण दुपटीहून जास्त फरक आहे, आणि ज्या महिन्यांत तू कमवू शकणार नाहीस त्यांचं नुकसान यात धरलेलंच नाही.

त्याच्या उत्पन्नाबद्दल तू काही लिहिलं नाहीस. ते लाजेने टाळलं असशील तर टाळू नकोस. स्पाउस व्हिसासाठी त्याला आय-८६४ हा हमीपत्राचा फॉर्म भरावा लागतो आणि तिथल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवावं लागतं. २०२५ च्या आकड्यांनुसार दोघांच्या कुटुंबासाठी ते वर्षाला २६,४३७ डॉलर येतं. फियान्से व्हिसाच्या मुलाखतीला १०० टक्के चालतं, पण लग्नानंतर आय-४८५ ला तोच १२५ टक्क्यांचा फॉर्म पुढे येतो, म्हणजे सुटका नाही, फक्त पुढे ढकलणं आहे. त्याचं उत्पन्न कमी पडलं तर तिथला दुसरा नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला जॉइंट स्पॉन्सर म्हणून उभा राहू शकतो. हे हमीपत्र घटस्फोटानेही संपत नाही. तू नागरिक होईपर्यंत, किंवा तुझ्या नावावर ४० तिमाह्यांचं काम जमा होईपर्यंत, किंवा तू कायमची देश सोडेपर्यंत ते त्याला बांधून ठेवतं. त्याने सही करण्याआधी हे समजून घ्यायला हवं, तुमच्या नात्यासाठीसुद्धा.

आता साखरपुडा. याबद्दल मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचंय, कारण चांगल्या घरातली, मनाने स्वच्छ असलेली जोडपी इथे अडकतात. फियान्से व्हिसाचा अर्थच असा की तुमचं लग्न झालेलं नाही. थाटात सोहळा झाला, विधी झाले, हारतुरे झाले, दोघांच्या घरच्यांसमोर आशीर्वाद घेतले, आणि ते फोटो मुलाखतीत अधिकाऱ्यासमोर गेले, तर तो विचारतो, हे लग्नच नाही का? त्याला तसं वाटलं तर व्हिसा नाकारला जातो. मग तुम्ही म्हणता, ठीक आहे, लग्न झालंय असं समजा. तर स्पाउस व्हिसाला कायदेशीर दाखला लागतो, तो तुमच्याकडे नसतो. फियान्सेसाठी जास्त लग्न झालेलं आणि स्पाउससाठी कमी, अशा मधल्या जागेत महिने वाया जातात. म्हणून आधी व्हिसाचा रस्ता ठरवा, मग सोहळा ठरवा. फियान्से धरलात तर समारंभ छोटा आणि स्पष्ट ठेवा, लग्नासारखा दिसेल असा एकही विधी नको. स्पाउस धरलात तर आधी नोंदणी करून दाखला हातात घ्या, मग घरच्यांना हवा तेवढा थाट करू दे.

याच्याच जोडीला ऑनलाइन लग्नाचं. अमेरिकेत युटा राज्यातल्या एका काउंटीत व्हिडिओ कॉलवर लग्न लावता येतं, आणि सध्या बरेच जण त्याबद्दल विचारतात. दाखला खरा असतो. पण इमिग्रेशनचा कायदा म्हणतो, लग्न लागताना दोघं एका ठिकाणी नसतील तर त्यानंतर प्रत्यक्ष भेटून वैवाहिक संबंध आल्याशिवाय ते लग्न धरलं जाणार नाही. लग्नाआधीची भेट त्यात मोजत नाहीत. तेव्हा असं लग्न केलंत तर त्यानंतर भेटून, एकत्र राहून, त्या मुक्कामाचे पुरावे घेऊन मगच आय-१३० भरा.

मी फियान्से व्हिसाच्या विरोधात आहे असं वाटायला नको. काही जणांसाठी तोच योग्य आहे, आणि काहींना तर तोच एक आहे. दोन बायका किंवा दोन पुरुष, ज्यांना स्वतःच्या देशात लग्नच करता येत नाही आणि तिसऱ्या देशात जाणं जमत नाही, त्यांना फियान्से व्हिसाने दार उघडतं. २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विंडसर खटल्यात निकाल दिला, तेव्हापासून समलिंगी जोडप्यांचे अर्ज इतरांसारखेच घेतले जातात. आधीच्या लग्नाची मुलं असली तरी हिशेब बदलतो. सावत्र मुलासाठी आय-१३० भरायचा तर मूल १८ वर्षांचं व्हायच्या आत लग्न झालेलं असावं लागतं. फियान्से व्हिसावर मात्र २१ वर्षांखालचं अविवाहित मूल के-२ म्हणून आईसोबत जाऊ शकतं. ज्या बाईचा मुलगा १९ वर्षांचा आहे तिला मी डोळे झाकून फियान्से व्हिसाच सांगेन. आणि ज्यांना लग्न तिथल्याच माणसांमध्ये करायचंय, मागे कुणी आजारी नाही, काही महिने घरी बसायची तयारी आणि बचत दोन्ही आहे, त्यांनी खुशाल तो घ्यावा. यांपैकी काहीच तुझ्या पत्रात नाही.

हे सगळं अमेरिकेचं झालं. दुसऱ्या देशात निघालेल्या वाचकांसाठी एवढंच, की फाटा बहुतेक ठिकाणी असाच आहे पण अंतरं वेगळी. ब्रिटनचा फियान्से व्हिसा सहा महिन्यांचा, त्यावर काम करता येत नाही, लग्नानंतर पुन्हा अर्ज आणि पुन्हा फी, आणि एप्रिल २०२४ पासून स्पॉन्सरचं उत्पन्न २९,००० पौंड असावं लागतं. ऑस्ट्रेलियाचा प्रॉस्पेक्टिव्ह मॅरेज व्हिसा, सबक्लास ३००, नऊ ते पंधरा महिन्यांचा असतो आणि त्यावर काम करता येतं, म्हणजे माझा अर्धा आक्षेप तिथे लागूच होत नाही. कॅनडात फियान्से असा वर्गच नाही. लग्न करा, किंवा वर्षभर एकत्र राहून कॉमन-लॉ जोडीदार व्हा.

पुन्हा तुझ्याकडे येते. तुला एक गोष्ट मोठ्या बहिणीच्या नात्याने सांगायची आहे, त्याच्याबद्दल माझ्या मनात कसलीही शंका नसताना. लग्नाला दोन वर्षं होण्याआधी मिळालेलं ग्रीन कार्ड दोन वर्षांचं आणि अटीचं असतं, दोन्ही रस्त्यांनी. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ भरून अट काढायची असते, आणि तो अर्ज सहसा दोघांच्या सहीने होतो. संसार मोडला किंवा मारहाण होत असेल तर एकटीलाही भरता येतो, ही सोय कायद्यात आहे. १९९४ च्या व्हायोलन्स अगेन्स्ट विमेन अ‍ॅक्टखाली छळ झालेल्या जोडीदाराला नवऱ्याच्या मदतीविना स्वतःचा अर्जही करता येतो. फियान्से अर्जात २००५ च्या एका कायद्याने अर्जदाराला त्याचे हिंसेचे जुने गुन्हे सांगावे लागतात, ते तुझ्यापर्यंत पोहोचवले जातात, आणि तुझ्या हक्कांची माहितीपुस्तिका तुला दिली जाते. ती वाच, रस्ता कोणताही असो. तुझा पासपोर्ट, दाखले आणि प्रत्येक अर्जाची पावती तुझ्या स्वतःच्या ईमेलवर ठेव. बँकेत थोडे पैसे फक्त तुझ्या नावावर ठेव. चांगल्या नवऱ्याला याचा राग येत नाही. माझ्या नवऱ्याने माझी फाइल स्वतः लावून दिली होती.

तर माझं मत: लग्न आधी, स्पाउस व्हिसा नंतर. तुला नोकरी आहे, ती या रस्त्यात अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत सुटत नाही. वाट बघायचे महिने तू तुझ्या घरात, तुझ्या पगारावर, आईजवळ काढशील. आणि गेलीस की ज्या दिवशी तिच्या छातीत कळ येईल त्या दिवशी तिकीट काढायला तुला कुणाची परवानगी लागणार नाही. ताटातूट होईल, ती सोपी नाही. पण तो येऊ शकतो, पुन्हा तीन आठवडे, पुन्हा दोन. अर्ज चालू असताना तू टुरिस्ट व्हिसावर भेटायला जाण्यास बंदी नाही. मात्र विमानतळावर प्रश्न जास्त विचारले जातील, तेव्हा परत येण्याचे पुरावे पुन्हा सोबत घे आणि अर्ज चालू असल्याचं लपवू नकोस. प्रत्येक भेटीची तिकिटं आणि फोटो मुलाखतीत तुमच्या नात्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडतील, तेव्हा ते दिवस वायाही जात नाहीत.

कामाला लागायचं तर दोघांचे जन्मदाखले काढा. कुणाचं आधी लग्न झालेलं असेल तर घटस्फोटाच्या अंतिम हुकूमनाम्याची प्रत आत्ताच मागवा, ती शेवटी शोधायला गेलं की सगळं अडतं. तुझ्या सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकसारखं आहे का ते बघ. पोलिसांचा दाखला आणि वैद्यकीय तपासणी नंतर, त्यांना मुदत असते. त्याची किंवा तुझी काही पोलीस केस, जुना नाकारलेला व्हिसा, कुठे मुदतीपेक्षा जास्त राहिलेले दिवस असं काही असेल, तर फॉर्मला हात लावण्याआधी इमिग्रेशन वकिलाला एकदा भेटा. पण आपलं प्रकरण साधं असलं तरी फॉर्ममधली प्रत्येक ओळ स्वतः वाचून मग सही कर, भरणारा कितीही जाणकार असो. मी वाचली नव्हती.

आणि आज रात्री त्याला फोन लावशील तेव्हा आईचं त्याला सविस्तर सांग. तिला नेमकं काय झालंय, औषधं कोणती, तू गेल्यावर जवळ कोण असेल. पत्रात मला एका ओळीत सांगितलंस तसं त्यालाही एका ओळीतच सांगितलं असशील, असं मला वाटतंय. तो ‘लवकर’ म्हणतोय तो कदाचित हे त्याला माहीतच नसल्यामुळे.

तुझी,
ताई